मायक्रोसॉफ्टची दुकानदारी : २००९ ते २०२०

२६ जून २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने एक निवेदन काढलं आणि आपली जवळपास सगळी दुकानं कायमची बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऐंशीहून जास्त दुकानं होती. बहुतेक अमेरिकेतल्या मॉलमध्ये, काही कॅनडात, शिवाय सिडनी आणि लंडनमध्ये एकेक. करोनामुळे मार्चपासून शटर खाली होतंच, ते पुन्हा वर गेलं नाही. हिशेबात ४५ कोटी डॉलरचा फटका दाखवला गेला. लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसमधलं दुकान तर ११ जुलै २०१९ ला उघडलेलं. त्याचं वर्षही भरलं नव्हतं.

करोनाने दुकानं बुडवली असं म्हणून मोकळं होता येतं. पण त्याच साथीत ॲपलचीही दुकानं बंद होती, आणि ती पुन्हा उघडली. म्हणजे मुळात काहीतरी आधीच बिनसलेलं असणार.

तंत्रज्ञान कंपन्यांनी स्वतःची दुकानं काढावीत का, या वादात लोक हमखास दोन नावं घेतात. काढावीत म्हणणारे ॲपलचं, नको म्हणणारे गेटवेचं. मला मायक्रोसॉफ्टचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण तिथे पैसा, मोक्याच्या जागा, किरकोळ विक्रीत मुरलेली माणसं, कशाचीच वानवा नव्हती. दुकानंही चांगली होती. अडचण अशी, की त्या देखण्या दुकानात मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा असा माल फार थोडा होता, आणि जो होता तो फळीवर टिकत नव्हता.

आधीचे दोघे

गेटवे आता फारशी कुणाला आठवत नाही. टेड वेट यांनी १९८५ मध्ये आयोवातल्या शेतघरातून सुरू केलेली ही कंपनी फोनवर ऑर्डर घेऊन संगणक घरपोच पाठवायची. खोक्यांवर गाईच्या कातडीसारखे काळे-पांढरे ठिपके असायचे. १९९६ पासून त्यांनी ‘गेटवे कंट्री’ नावाची दुकानं काढायला सुरुवात केली आणि एका टप्प्यावर ती तीनशेच्या वर गेली. दुकानात यंत्रं मांडलेली असत, समजावून सांगायला माणसं असत, पण घेऊन जायला माल नसे. पसंत करा, ऑर्डर नोंदवा, घरी जाऊन वाट बघा. साठा ठेवायचा नाही म्हणजे भांडवल अडकत नाही, हा हिशेब कागदावर झकास होता. गिऱ्हाईक मात्र पैसे मोजून रिकाम्या हाताने परतायला नाखूश असतं. त्यातच पीसीच्या किमती घसरल्या आणि एका यंत्रामागे सुटणाऱ्या पैशांतून जागेचं भाडं निघेनासं झालं. २००४ च्या मार्चमध्ये गेटवेने ईमशीन्स ही स्वस्त पीसी बनवणारी कंपनी घेतली, जिचा माल इतरांच्या दुकानांतून खपत होता. एप्रिलमध्ये स्वतःची उरलेली १८८ दुकानं एकदम बंद केली. सुमारे अडीच हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या.

ॲपलने १९ मे २००१ ला एकाच दिवशी दोन दुकानं उघडली, एक व्हर्जिनियातल्या टायसन्स कॉर्नर मॉलमध्ये आणि दुसरं कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये. तेव्हा जाणकारांनी त्यांचीही गत गेटवेसारखी होईल असं छापून टाकलं होतं. पण ॲपलपुढे पर्यायच उरला नव्हता. अमेरिकी बाजारात तिचा वाटा पाच टक्क्यांच्याही खाली गेलेला. कॉम्पयूएसएसारख्या साखळी दुकानात मॅक कुठेतरी कोपऱ्यात धूळ खात पडलेला असे आणि विक्रेता गिऱ्हाइकाला हाताला धरून विंडोजच्या यंत्राकडे न्यायचा. त्याच्या दृष्टीने ते रास्तच होतं. शंभर जण विंडोज मागत असताना तो एकासाठी मॅकची माहिती कशाला पाठ करेल? कॉम्पयूएसएमध्ये ‘दुकानातलं दुकान’ करून पाहिलं, त्यानेही भागलं नाही. मग स्टीव्ह जॉब्स यांनी गॅप या कपड्यांच्या साखळीचे मिकी ड्रेक्सलर यांना संचालक मंडळावर घेतलं, टार्गेट या दुकानांच्या साखळीतून रॉन जॉन्सन यांना आणलं, आणि एका गोदामात अख्खं नमुना-दुकान उभारून, मोडून, पुन्हा उभारून मगच बाहेर पाऊल टाकलं. (हेच जॉन्सन पुढे जेसी पेनी या कपड्यांच्या साखळीचे प्रमुख झाले आणि दीड वर्षात सपशेल तोंडावर पडले. दुकान मांडण्याची कला एका मालाकडून दुसऱ्या मालाकडे सहज नेता येत नाही, एवढं त्यातून कळतं.)

मायक्रोसॉफ्टला दुकान का हवं झालं

मायक्रोसॉफ्टला ॲपलसारखी गळचेपी सोसावी लागत नव्हती. प्रत्येक संगणकाच्या दुकानात तिचाच माल होता, फक्त दुसऱ्याच्या खोक्यात. एचपी, डेल, एसर, तोशिबा यंत्र बनवणार, मायक्रोसॉफ्ट त्यांच्याकडून विंडोजच्या परवान्याचे पैसे घेणार. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊनही कंपनी गब्बर झाली होती. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रिऑन संकुलात तिने एक दुकान थाटून पाहिलं होतं, ते २००१ मध्ये बंद झालं आणि कुणी त्याची हळहळही केली नाही.

२००९ पर्यंत हवा बदलली. विंडोज व्हिस्टा या आवृत्तीची नाचक्की ताजी होती. टीव्हीवर ॲपलच्या जाहिराती पीसीची रोज टिंगल करत होत्या. आणि पीसी खरेदीचा अनुभव खरोखरच वाईट होता. साखळी दुकानातून नवा कोरा लॅपटॉप आणायचा, चालू करायचा, तर समोर तीस दिवसांचा फुकट अँटिव्हायरस, दोन-तीन टूलबार, कुठल्याशा गेमची चाचणी आवृत्ती, छपाईच्या दुकानाचा दुवा. यंत्र उघडायला पाच मिनिटं लागणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार, ‘विंडोज स्लो आहे.’ हा कचरा भरत होते यंत्र बनवणारे. पीसीमागे त्यांना सुटायचं जेमतेम. अँटिव्हायरस कंपन्या मोजत असलेले पैसे हा त्यांच्यासाठी खरा नफा होता.

मग मायक्रोसॉफ्टने त्यांना दटावलं का नाही? इथे या प्रकरणातला एक धागा सहसा सुटतो. अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्याचा शेवट २००२ च्या निकालाने झाला होता, आणि त्या निकालाने यंत्र बनवणाऱ्यांना डेस्कटॉपवर इतरांची सॉफ्टवेअरं ठेवायची मोकळीक दिली होती. त्याची मुदत मे २०११ मध्ये संपली. तोवर एचपीने काय भरावं आणि काय काढावं यावर मायक्रोसॉफ्टने हुकूम सोडणं म्हणजे पुन्हा कोर्टाची पायरी चढण्याची तयारी ठेवणं. दुसऱ्याच्या कारखान्यात हात घालता येत नाही. स्वतःच्या काउंटरवर मात्र तेच यंत्र साफ करून विकायला कुणाची आडकाठी नव्हती.

मला वाटतं दुकानामागचं सगळ्यात प्रामाणिक कारण हेच होतं. बाकी ॲपलशी चढाओढ होतीच, ती काही लपून राहिली नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये दुकानांचे प्रमुख म्हणून डेव्हिड पोर्टर यांची नेमणूक झाली. ते वॉलमार्टमध्ये पंचवीस वर्षं काढलेले. त्यांच्या वर केव्हिन टर्नर, तेही वॉलमार्टच्या घरातलेच. २२ ऑक्टोबर २००९, म्हणजे विंडोज ७ बाजारात आलं त्याच दिवशी, ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या मॉलमध्ये पहिलं दुकान उघडलं. आठवड्याभरात कॅलिफोर्नियातल्या मिशन व्हिएहोमध्ये दुसरं.

आत काय होतं

लाकडी मेजं, त्यावर मोकळी ठेवलेली यंत्रं, रंगीत टी-शर्टातली मुलं-मुली, मागे दुरुस्तीचा आणि सल्ल्याचा काउंटर. ॲपलचं दुकान पाहिलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल असंच. फरक भिंतींचा: कमरेच्या वरची अख्खी भिंत म्हणजे लांबच लांब पडदा, आणि कोपऱ्यात एक्सबॉक्सवर खेळणारी पोरं. मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामध्ये २०१० साली दुकान उघडलं ते थेट ॲपलच्या समोर. टिंगल व्हायची ती झालीच.

पण दोन गोष्टी तिथे अस्सल होत्या. पहिली ‘सिग्नेचर’ पीसी. एचपी किंवा एसरचंच यंत्र, पण आतला सगळा कचरा काढलेला आणि चालू करताच वापरायला तयार. बाहेरून घेतलेला लॅपटॉप घेऊन गेलात तर ९९ डॉलरमध्ये तोही असाच साफ करून मिळे. जरा थांबून बघा या व्यवहाराकडे. विंडोज बनवणारी कंपनी, विंडोजचे पैसे आधीच मोजलेल्या गिऱ्हाइकाकडून, विंडोज नीट चालावं म्हणून आणखी ९९ डॉलर घेते आहे. चूक तिची नव्हती, पण काउंटरपलीकडे उभ्या माणसाला हे कसं पटवून देणार?

दुसरी गोष्ट तो सल्ल्याचा काउंटर, ‘आन्सर डेस्क’. विंडोजवाल्यांना तोवर दाद मागायला जागाच नव्हती. यंत्र बनवणारा म्हणे सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, सॉफ्टवेअरवाला म्हणे यंत्रवाल्याकडे जा. इथे समोर बसून ऐकून घेणारं माणूस मिळालं. दुकानं बंद झाल्यावर लोकांनी हळहळ व्यक्त केली ती मुख्यतः या काउंटरसाठी.

फळीवरचा माल

दुकान उभं राहतं ते परत परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर, आणि गिऱ्हाईक परत येतं ते इथे मिळतं आणि दुसरीकडे मिळत नाही अशा मालासाठी, किंवा स्वस्ताईसाठी. एचपीचा लॅपटॉप चार पावलांवरच्या दुकानात आणि इंटरनेटवर मिळत होताच, आणि मायक्रोसॉफ्ट तो स्वस्तात विकू शकत नव्हती, कारण तसं केलं तर बेस्ट बाय ही इलेक्ट्रॉनिक्सची बडी साखळी आणि एचपी दोघंही नाराज. राहता राहिला घरचा माल.

त्या मालाची कुंडली काढू. दुकान उघडलं तेव्हा झून एचडी हा संगीत-वादक दिमाखात मांडला होता. २०११ मध्ये झूनची यंत्रं बंद. एक्सबॉक्सला जोडायचा, अंगाच्या हालचाली टिपणारा किनेक्ट २०१० मध्ये आला, धडाक्यात खपला, २०१७ मध्ये उत्पादन थांबलं. विंडोज फोनसाठी आख्खं मेज दिलं होतं. नोकियाचा फोन व्यवसाय घेतला, २०१५ मध्ये त्यापायी ७६० कोटी डॉलर बुडीत धरले, आणि काही वर्षांत ते मेजही गेलं. मनगटावरचा ‘बँड’ २०१४ मध्ये आला, २०१६ मध्ये संपला. एक्सबॉक्स टिकला, पण तो सुपरमार्केटमध्येही मिळतो. अशा फळीच्या जोरावर मॉलचं भाडं भरायचं म्हणजे कसरतच. ॲपलच्या दुकानाच्या वाट्याला याउलट आलं. दुकानं उघडल्यावर पाचच महिन्यांनी आयपॉड आला, आणि पुढे फळीवर एकाहून एक खपणाऱ्या गोष्टी येत राहिल्या. कौशल्य होतंच, पण हा योग जमून आला नसता तर २००१ चे ते भविष्यवेत्ते खरेही ठरले असते.

सरफेसचं प्रकरण मात्र वेगळं, आणि त्यातच सगळं उघडं पडलं.

२०१२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेला टॅब्लेट जाहीर केला. यंत्र बनवणाऱ्यांचं पित्त खवळलं. एसरचे प्रमुख जे. टी. वांग यांनी तर, कंपनीने पुन्हा विचार करावा, असं वर्तमानपत्राला उघड सांगितलं. आता इतकी वर्षं बांधलेलं दुकान कामी येणार होतं. २६ ऑक्टोबरला सरफेस आरटी विक्रीला आला तो सुरुवातीला फक्त मायक्रोसॉफ्टच्या दुकानांत आणि तिच्या वेबसाइटवर. सणासुदीसाठी मॉलमध्ये तीसेक तात्पुरते गाळेही मांडले. म्हणजे शेवटी असा माल आला, जो फक्त इथेच मिळणार.

सात आठवडेही निभावलं नाही. डिसेंबरच्या मध्यावर तो स्टेपल्स आणि बेस्ट बायमध्ये ठेवावा लागला. अमेरिकेएवढ्या देशात पन्नास-साठ काउंटरवरून नवं यंत्र खपवायचं म्हणजे बहुतेक गावांतल्या गिऱ्हाइकांनी ते हातातही न धरता मागवायचं. त्यात आरटीवर जुनी विंडोज सॉफ्टवेअरं चालत नव्हती, ही गोष्ट समजावून सांगायला प्रशिक्षित माणूसच हवा. तो होता फक्त कंपनीच्या दुकानात. जुलै २०१३ मध्ये पडून राहिलेल्या सरफेस आरटीपोटी ९० कोटी डॉलर बुडीत दाखवले गेले. सगळी दुकानं आवरायला पुढे जेवढा खर्च आला, त्याच्या बरोबर दुप्पट.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने बेस्ट बायशी करार करून अमेरिकेतल्या ५०० आणि कॅनडातल्या १०० दुकानांत ‘विंडोज स्टोअर’ नावाचे मोठे विभाग मांडायचं ठरवलं. एका झटक्यात सहाशे. स्वतःची दुकानं अकरा वर्षांत या आकड्याच्या जवळपासही पोचली नाहीत. भाडं बेस्ट बायचं, शटर बेस्ट बायचं, आणि मांडणी व माहिती आपली. माझ्या मते हे २००९ मध्येच करायला हवं होतं.

पाचवा ॲव्हेन्यू आणि बदललेली कंपनी

तरीही दुकानं वाढतच राहिली. २६ ऑक्टोबर २०१५ ला न्यूयॉर्कच्या पाचव्या ॲव्हेन्यूवर पाच मजली दुकान उघडलं, ॲपलच्या काचेच्या घनाकृती दुकानापासून पाचेक चौक अलीकडे. पुढच्याच महिन्यात सिडनीचं. प्रतिष्ठेची जागा, प्रतिष्ठेचं भाडं. इतक्यात कंपनीचा कारभार सत्या नडेला यांच्याकडे आला होता आणि पैसा ॲझ्युअर या क्लाउड सेवेतून, ऑफिस या सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीतून येऊ लागला होता. या गोष्टी मॉलमधल्या काउंटरवर विकल्या जात नाहीत. ज्या विंडोजसाठी दुकान काढलं, ते विंडोजच आता कंपनीच्या गाड्याचं पुढचं बैल राहिलं नव्हतं.

दुकानातल्या माणसांनी याला आपल्या परीने वाट काढली होती. आसपासच्या शाळा, छोटे व्यावसायिक यांना शिकवणं, त्यांच्या कार्यालयात सॉफ्टवेअर बसवून देणं हे त्यांचं काम होऊ लागलं. करोनात दुकान बंद असताना तेच लोक घरून शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना ऑनलाइन शिकवत राहिले. आणि मग व्यवस्थापनाला साधा प्रश्न पडला असणार: हे सगळं मॉलचं भाडं न भरताही होतंय, तर भाडं कशासाठी? कर्मचाऱ्यांना कंपनीच्या कार्यालयांतून आणि घरून हेच काम चालू ठेवायला सांगितलं गेलं.

४५ कोटी डॉलर ऐकायला मोठे वाटतात. त्या आर्थिक वर्षात मायक्रोसॉफ्टची उलाढाल १४,३०० कोटी डॉलरची होती. हजार डॉलरमागे तीन. गेटवेला दुकानं परवडली नाहीत म्हणून बंद झाली. मायक्रोसॉफ्टला ती आणखी वीस वर्षं परवडली असती. तिला त्यांचं काम उरलं नाही.

आपल्याकडे

मायक्रोसॉफ्टने भारतात दुकान काढलंच नाही. आपल्याकडे ‘कंपनीचं शोरूम’ म्हणून जी पाटी दिसते, त्यामागे बहुतेक वेळा गावातलाच व्यापारी असतो. गाळा त्याचा, डिपॉझिट त्याचं, पोरांचे पगार त्याचे. कंपनीची फक्त पाटी, मांडणी आणि टार्गेट. तोटा आला तर तोही त्याचाच. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर यापेक्षा सोयीची दुकानदारी नाही.

ॲपलने हे वर्षानुवर्षं असंच चालवलं, पण त्यात कायद्याचाही भाग होता. एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला २०१२ मध्ये परवानगी मिळाली, ती तीस टक्के माल भारतातून घेण्याच्या अटीवर. ऑगस्ट २०१९ मध्ये ही अट शिथिल झाली. मग २०२० च्या सप्टेंबरमध्ये ॲपलचं ऑनलाइन दुकान आलं आणि १८ एप्रिल २०२३ ला मुंबईत बीकेसीमध्ये टिम कुक यांच्या उपस्थितीत पहिलं प्रत्यक्ष दुकान. सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कलाही झालं. एवढ्या मोठ्या देशात मोजकीच दुकानं. आयफोनची विक्री आजही मुख्यतः इतरांच्या काउंटरवरून आणि ऑनलाइनच होते. बीकेसीचं दुकान माल दाखवायला, शिकवायला आणि भाव न पाडता विकायला आहे. ॲपलला ते साधतं, कारण तिथला मुख्य माल दुसऱ्या कुणाच्या कारखान्याच्या नावाने विकला जात नाही.

तर मग २००९ मध्ये काय करायला हवं होतं

पोर्टर यांच्या जागी असतो तर मी दहा-बारा मोठ्या शहरांत फक्त आन्सर डेस्क काढले असते, मॉलबाहेर, कमी भाड्याच्या जागेत. आणि सिग्नेचर पीसी बेस्ट बायच्या फळीवर पहिल्या दिवसापासून बसवला असता. यावर एक खरा आक्षेप आहे. दुकानं नसती तर सरफेस तग धरू शकला असता का? त्याचा पेन हातात घेऊन लिहून बघितल्याशिवाय त्याचं मर्म कळत नाही, आणि पुढच्या प्रो आवृत्त्या लोकांना पटल्या त्यात या दुकानांचा वाटा नक्कीच आहे. यंत्र बनवणाऱ्यांना धाक बसला आणि तेही पुढे चांगले लॅपटॉप काढू लागले, हा लाभही कुठल्या खात्यात मांडायचा ते ठरवणं कठीण. एवढं मान्य करूनही ऐंशी दुकानांचं समर्थन होत नाही; आठ-दहांचं होतं.

कंपनी शेवटी तिथेच आली. लंडन, न्यूयॉर्क, सिडनी आणि रेडमंडमधलं मुख्यालय अशा चार जागा तिने ‘अनुभव केंद्र’ म्हणून ठेवायचं ठरवलं, जिथे बघायचं, हाताळायचं, पण विकत घ्यायचं नाही.

वर्षभरातच, जून २०२१ मध्ये, गुगलने न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात आपलं पहिलं कायमचं दुकान उघडलं. जागा स्वतःच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, म्हणजे घरमालकाला भाडं द्यायचा प्रश्न नाही. अँड्रॉइड सॅमसंगच्या फोनवरही चालतं, शाओमीच्याही. पण त्या दुकानात फळीवर लागले ते पिक्सेल, नेस्ट आणि फिटबिट, सगळा घरचाच माल.